मुक्यानं आणलेलं पेनिसिलीन

शेंदूरजनाघाटाहून अकोल्याला बोलत जाता येतं आणि मुक्यानंही जाता येतं. मी अर्धी वाट अशी गेले, अर्धी तशी. म्हणून नातीला समोर बसवून हे लिहवून घेते आहे. कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, अकोल्यात जठारपेठेत फळं विकतो. संत्र्याच्या पेटीचा गंजका खिळा त्याच्या पायात गेला. त्यानं त्यावर चुना लावला, तंबाखू लावली, सुनेचं काजळसुद्धा लावलं. पाय कोहळ्याएवढा झाल्यावर डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, पेनिसिलीन नावाच्या नव्या औषधाच्या सुया टोचू, नाहीतर पाय घोट्यापासून कापावा लागेल. औषध अमरावतीच्या एका दुकानात होतं.

भाचा मिळेल त्या गाडीनं माझ्याकडे आला. म्हणाला, "आत्या, बाबा सुई घेत नाही म्हणते. म्हणे औषध माह्या बहिणीच्या, गोदीच्या हातानं येऊ द्या, तिच्या हाताले गुण हाये. अन् रीतीनं येऊ द्या."

आमच्याकडची रीत अशी. पाला तोडायचा तर आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षत-सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचं. सकाळी तोडायचा, आणि रोग्याच्या अंगाला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की गुण गेला. दादाला जखमेसाठी कंबरमोडीचा पाला हवा होता, आणि पेनिसिलीनही त्याच रीतीनं.

वरुडपर्यंत बैलगाडी, पुढे अमरावतीची मोटार. मोर्शीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे दात सांभाळा. मागच्या बाकावर बसू नका. सोबत आमचे हे होते. हे घरी दिवसातून तीनदा बोलतात, त्यातही दोनदा बैलाशी.

अमरावतीला दिवेलागणीच्या आत धर्मशाळेमागच्या कुंपणाशी कंबरमोडी सापडली. तिला आमंत्रण देऊन औषधांच्या दुकानात गेले आणि कपाटापुढे अक्षत-सुपारी ठेवली.

दुकानदार म्हणाला, "आजी, हे काय करून राहिल्या?"

"आवतन देऊन राहिली."

"कोणाले?"

"तुमच्या त्या शिशीले."

"शिशीले ऐकू येते का?"

"झाडाले तरी कुठं कान असतात, बापू? तरी येते ना ते."

तो कपाटाकडे वळला. मग त्यानं टोपी नीट केली आणि सुपारी सरकू नये म्हणून तिच्याखाली कागदाचा तुकडा घातला.

सकाळी पाला तोडला, बर्फाच्या थर्मासात शिश्या घेतल्या आणि तोंड मिटलं. आगगाडी बडनेऱ्याला बदलावी लागते. तिथली भजी गरम असतात. मी मिरचीची खाल्ली आणि हाय-हुय करता येईना, म्हणून तुम्ही बटाट्याची घ्या.

पण खरी मिरची पुढेच होती. मी गप्प झाल्याबरोबर यांना वाचा फुटली. समोर तेल्हाऱ्याची एक बाई बसली होती. तिनं विचारलं, "तुमची मालकीण बोलत नाही का?"

"जन्माची मुकी हाये," हे म्हणाले. "पण सैपाक चांगला करते."

"अरेरे. भोगलं असन तुमी."

"काय सांगू बाई. शांततेत दिवस काढले."

मी चिमटा काढला. हे म्हणाले, "मायेनं करते असं."

बाईला माझी दया आली. तिनं पिशवीतून वेखंड काढलं, उगाळलं आणि माझ्या जिभेवर चोळलं. ज्यांनी वेखंड चाखलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थर्मास मांडीवर होता, आणि ती सांगत होती, "पाहा, गुण येऊन राहिला." मी दादाचा पाय आठवत होते. अकोला येईपर्यंत दुसरं काही आठवलं नाही.

जठारपेठेत शिरले, शिश्या आणि पाला दादाच्या अंगाला लावला आणि तोंड उघडलं. आधी यांच्याशी बोलले. काय बोलले ते नात लिहीत नाही म्हणते.

डॉक्टर आला. दादा म्हणाला, "पयले पाला चेचून जखमेत भरा."

डॉक्टर म्हणाला, "कंबरमोडीत गुण असेल, मी नाही म्हणत नाही. पण कच्चा पाला उघड्या जखमेत नको, मातीतून धनुर्वात होतो. धुऊन उकळा, गाळा, आणि त्या पाण्यानं भोवतालचं पुसा. आतल्या पुवाचं काम सुईचं."

दर तीन तासांनी सुई. आणि दर सुईला दादाच्या हुकमानं सगळं घर मुकं. भाचा, सून, दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा. एकदा डॉक्टर स्वतःच खुणेनं पाणी मागत होता.

सूज उतरली तसा दादा उलटला. "बस झालं. कंबरमोडीनं काम केलं. सुई बंद."

डॉक्टर विनवून थकला. "अर्ध्यात सोडलं तर राहिलेला रोग पुन्हा उठतो, आणि मग ह्याच औषधाला जुमानत नाही. पाय जाईल."

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, "दादा, त्या शिशीले अक्षत कोणी द्याले लावली?"

"मीच."

"अक्षत देऊन बोलावलेला पाव्हणा भातावर उठवते का कोणी? अजून वरण यायचं हाये, पोळी यायची हाये. जठारपेठेत काय म्हणतीन?"

दादानं कूस बदलली. मग डॉक्टरला म्हणाला, "वाढा."

सगळ्या सुया संपल्यावरच आम्ही घरी परतलो. परतीची मोटार तीच, रस्ता तोच. हे पुन्हा बैलाशी बोलू लागले.

संत्री उतरायला आली तेव्हा दादा आमच्याकडे आला. सगळ्या गड्यांना सांगत सुटला, कंबरमोडीनं वाचलो. डॉक्टरचं नाव नाही. मी डॉक्टरसाठी निवडक संत्र्यांची पेटी त्याच्याच हाती दिली. जाताना दादा शेताच्या धुऱ्यावर थांबला, वाकला आणि मोठ्या भक्तीनं एका झुडपाला हात जोडले.

तो तरोटा होता, कंबरमोडी नव्हे. उभा जन्म दुकानात गेलेला माणूस, त्याला काय कळणार. पण पेटी डोक्यावर घेऊन तो बैलगाडीपर्यंत आपल्या दोन्ही पायांनी चालत गेला, आणि मी धुऱ्यावरून तो दिसेनासा होईपर्यंत त्याचे पायच पाहत राहिले.