घड्याळजींच्या रकान्यातलं शून्य

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांच्या पोटात बघत बसले, आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र कायम दहा मिनिटं मागे. बोललं की म्हणायचे, "मागे आहे हे आपल्याला माहीत आहे ना? मग झालं." अशा माणसाशी भांडून कुणाला काय मिळालंय? पण एक खरं. बिघाड सापडला नाही तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "मला जमलं नाही." दुरुस्त झालं म्हणून घड्याळ कुणाच्या गळ्यात मारलं नाही कधी.

दुकान बंद केलं आणि ह्यांना पाणथळीचं वेड लागलं. बसच्या शेवटच्या थांब्यापुढे राखीव पाणथळ आहे. लव्हाळे, चिखल आणि एकामागे एक तीन तळी. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्याभोवती सगळे जीव गोळा होतात, म्हणून प्राण्यापक्ष्यांची मोजणी उन्हाळ्यातच. दर रविवारी सकाळी सहाला हे हजर. हातात छापील कागद, डावीकडे नावं, उजवीकडे रकाना. दिसलं त्याचा आकडा लिहायचा, नाही दिसलं तर शून्य. शेकाटे किती, पाणकोंबड्या किती, कासवं किती, चतुरसुद्धा मोजायचे. एकदा पाणसापाला बेडूक गिळताना पाहिलं, ते जेवताना मला साग्रसंगीत ऐकवलं. माझं जेवण तिथेच आटोपलं.

पण ह्यांचा खरा जीव शेवटच्या तळ्यावर. तिथे रंगीत पाणलावा अंडी घालतो. मैनेपेक्षा जरासा मोठा, फार लाजरा पक्षी. ह्या पक्ष्यांत मादी नटलेली आणि नर मळकट. मादी अंडी घालून चालती होते, आणि अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं नराच्या गळ्यात. हे ऐकून मी म्हटलं, "बघा, शिका जरा त्याच्याकडून."

"म्हणून तर दर रविवारी शिकवणीला जातो," म्हणाले.

ह्या पक्ष्यापायी उन्हाळाभर शेवटच्या तळ्याकडे माणसांना बंदी असते. पण नियम असा की तीन वर्षं ओळीने तो दिसला नाही, तर तळं लोकांसाठी खुलं करायचं आणि पायडलच्या होड्या सोडायच्या. मधली दोन वर्षं शून्य गेली. ह्यांचा जीव टांगणीला. तिसऱ्या वर्षी म्हणे एक दिसला आणि तळं वाचलं. मीही म्हटलं, सुटलो एकदाचे.

यंदा मेच्या सुरुवातीला हे चष्मा घरी विसरून मोजणीला गेले. चष्म्याशिवाय हा माणूस म्हशीला बदक म्हणेल. मी दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत बसने चष्मा घेऊन गेले. फाटकाशी फळा होता, गेल्या उन्हाळ्यात काय काय दिसलं त्याचा. कौतुकाने वाचायला लागले. 'रंगीत पाणलावा, नर, एक. मेचा दुसरा रविवार. पाहणारे: घड्याळजी काका.'

मी तो फळा दोनदा वाचला. गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी मी न्यूमोनियाने दवाखान्यात होते. आणि हे सकाळपासून माझ्या खाटेशी स्टुलावर बसून होते, मला चमच्याने पाणी पाजत. पाणथळीकडे फिरकलेही नव्हते.

दुपारी घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि विचारलं, "दवाखान्यात कुठे दिसला हो पाणलावा? खाटेखाली?"

ह्यांचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "तुला सोडून जाववेना. मोजणीचा तो शेवटचा रविवार, गेलो नाही म्हणून लिहिलं असतं तर तळं गेलं असतं. तिथेच स्टुलावर बसून कागद भरला. एक लिहिला."

मला संताप आला. अहो, ज्या माणसाने घड्याळाच्या एका काट्याबद्दल कधी खोटं सांगितलं नाही, त्याने? आणि माझ्या उशाशी बसून? बोलायचं ते सगळं बोलले. पण बोलून झाल्यावर दिसलं की माणूस वर्षभर आतल्या आत कुरतडला गेलाय. यंदाही सगळे रविवार शून्यच गेलेले. हे म्हणाले, "मी सांगून टाकतो."

"काही नको! झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं नुकसान केलंत? उलट सांगितलंत तर होड्या येतील. मग काय, होडीत बसून पायडल मारणार?"

"वर्षभर झोप लागत नाही गं मला," एवढंच म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. पाणथळीच्या अधिकारी बाई आमच्या लेकीच्या वयाच्या, ह्यांना काका म्हणतात, स्वतःच्या हाताने चहा देतात. ह्यांनी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. बाईंनी मागच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, अकरा वर्षांचे तुमचे कागद आहेत माझ्याकडे. आता त्यातलं काय खरं धरू मी?"

कुणी तोंडात मारल्यासारखे हे बसून राहिले. मला वाटलं त्या बाईंशी भांडावं, पण भांडले नाही. कारण बाईंचं बरोबर होतं.

"मोजणीचा एक रविवार उरलाय," बाई शेवटी म्हणाल्या. "मी स्वतः येते तुमच्याबरोबर. दिसला तर तळं राहील. नाही दिसला तर मला नियमाने जावं लागेल."

"मीही येणार," मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं, पण मला विचारून कधी काय झालंय?

त्या रविवारी साडेसहापासून आम्ही तिघं लव्हाळ्यांच्या आडोशाला फळीवर बसलो होतो. आठ वाजले, नऊ वाजले, ऊन चटके द्यायला लागलं. बाई डावीकडचा काठ बघत होत्या. ह्यांच्या डोळ्यांत घाम गेला म्हणून ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. आणि नेमकं तेव्हाच समोरच्या चिखलावर काहीतरी हललं. शेपटाकडची बाजू वरखाली करत एक मळकट पक्षी बाहेर आला. मागे पिल्लं. मी ह्यांचा दंड असा आवळला की म्हणे अजून दुखतो. ह्यांनी चष्मा चढवेपर्यंत सगळी वरात पलीकडच्या लव्हाळ्यात गडप.

"दिसला?" बाईंनी वळून ह्यांना विचारलं.

 नुसतं हो म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते, पक्षी आला होता. मी डोळ्यांनी खुणावलं, म्हणा, म्हणा हो.

"नाही," हे म्हणाले. "मला नाही दिसला. हिला दिसला."

बाई माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही काय पाहिलंत? जसं पाहिलं तसं सांगा."

मी सांगितलं. डोळ्याभोवती फिकट डाग, मागे ओघळल्यासारखा. खांद्यावरून फिकट पट्टा, पिशवीचा बंद असावा तसा. पिल्लांच्या पाठीवर उभ्या रेघा. पिल्लं चार.

"चारच? नक्की?"

"बालवाडीत तीस वर्षं पोरांना रस्ता ओलांडून दिलाय मी. ओलांडणारी लेकरं दोनदा मोजते."

बाई चपला काढून काठाकाठाने चिखलात उतरल्या, वाकून बघत राहिल्या. परत आल्या तेव्हा साडीचा काठ चिखलाने माखलेला आणि चेहरा फुललेला. "मोठी पावलं आहेत आणि बारकीही आहेत. ताजी," म्हणाल्या. मग पिशवीतून कोरा कागद काढला, वर माझं नाव लिहिलं आणि पाणलाव्याच्या रकान्यात 'नर एक, पिल्लं चार'. "तळं बंदच राहील, काकू."

ह्यांच्या मांडीवर ह्यांचा कागद होता. ह्यांनी पेन उघडलं आणि पाणलाव्यापुढे शून्य काढलं. चांगलं गोल, ठसठशीत. खाली सही केली आणि कागद बाईंकडे दिला. बाईंनी तो वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात सहालाच या, काका." मला रडू आलं. चाळीस वर्षांत ह्या माणसाचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

बसमध्ये हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो हातभर अंतरावरून निघून गेला होता. मग माझ्याकडे सरकले आणि म्हणाले, "बाहेर कसा आला ते परत सांग. अगदी पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं.