रंग सोडा, सवय सांगा

बसस्थानकावर आता यंत्र बोलतं. आवाज गोड, पण कुणाशी ओळख म्हणून नाही. भोंगाकाकांच्या वेळी असं नव्हतं. चौकशीच्या खिडकीमागच्या खोलीत ते एकतीस वर्षं माइकसमोर बसले. त्यांना खोकला झाला तरी अख्ख्या स्थानकाला कळे. नुसती 'काळी छत्री' हरवली म्हटलं, तर ते पुकारत नसत.

"काळ्या छत्र्या पन्नास असतील. तुमची कशी?"

माणूस डोकं खाजवून म्हणे, "उघडताना कुरकुरते." मग काका तसंच पुकारत.

ही खोड त्यांना लागली नोकरीच्या पहिल्याच वर्षी. एका दुपारी एक बाई धापा टाकत खिडकीशी आली. तिची पाच वर्षांची मुलगी तिकिटाच्या रांगेतून नाहीशी झाली होती.

"पिवळा फ्रॉक, दोन वेण्या!"

काकांनी तीनदा पुकारलं. हमाल, कंडक्टर, चहावाला, सगळे पिवळा फ्रॉक धुंडाळू लागले. वीस मिनिटं गेली. फाटकाबाहेर वाहता रस्ता. बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा, पुन्हा सांगा ना!"

"ताई, घसा बसेपर्यंत सांगेन. पण रंग जाऊ द्या. पोरगी चालते कशी?"

"चालते कसली! दिसेल त्या खांबाला हात लावून मोजते. एक चुकला की मागे फिरते. जीव नकोसा करते माझा..." आणि तिला रडू फुटलं.

काकांनी माइक ओढला. "खांब मोजत चाललेली मुलगी कुणी पाहिली का?"

चहावाला तिथूनच ओरडला, "अहो, ती होय! आत्ताच गेली की पुढून, सतरा-अठरा करत. पण तिचा फ्रॉक तर निळा!"

मुलगी शेवटच्या फलाटावर सापडली, फाटकापासून दहा पावलांवर. बाईनं तिला छातीशी धरलं, एक धपाटा घातला, पुन्हा धरलं. मग तिचं लक्ष फ्रॉककडे गेलं.

"अगं, हा कधी घातलास?"

"सकाळी. तूच बटणं लावलीस ना."

बाईला सकाळची घाई आठवली. डबे, पिशव्या, गाडीची वेळ. सकाळभर तिनं मुलीकडे पाहिलंच नव्हतं.

"ताई, रंग कुणाच्याच लक्षात राहत नाहीत," काका मागून म्हणाले. "माझ्या बायकोला विचारा, मी आज काय घातलंय!"

बाई हसली नाही. मुलीचं मानेजवळचं बटण सुटलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि नीट पाहत ते लावू लागली.