कॅन्सलिंगची खोली

९ जुलै, गुरुवार. सकाळपासून ढगाळ, वारा पश्चिमेचा, पाऊस शून्य. सांगलीहून मॅडम आज पहिल्यांदा आल्या. एसटी पन्नास मिनिटं लेट.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या माझ्या वहीत ही नोंद आहे. कडेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी लॅब असिस्टंट होतो. सगळे मला तात्या म्हणत. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. शाळा भरण्याआधी त्याच्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचा, हे काम माझ्याकडं होतं. आमच्याकडं बहुतेक दिवस शून्यच लिहावं लागे. त्यामुळं वहीत जागा भरपूर उरायची, आणि उरलेल्या जागेत किस्से साठत गेले.

मॅडम दर गुरुवारी येऊन मुलांच्या मनातल्या अडचणी ऐकणार होत्या. त्यासाठी लॅबशेजारची अडगळ उपसून एक खोली तयार केली. हेडसरांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना समजावलं, "समुपदेशन म्हणजे उपदेशच, पण सम प्रमाणात!"

पहिले दोन गुरुवार कुणी आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी हेडसर स्वतः आले आणि मॅडमना तासभर उपदेश करून गेले.

*

मॅडम म्हणाल्या, "शब्द अवघड वाटत असेल तर काउन्सेलिंग म्हणा." मुलांनी ते 'कॅन्सलिंग' असं ऐकलं. ज्याला मॅडम बोलावतात त्याचं शाळेतलं नाव कॅन्सल होतं, ही बातमी दोन दिवसांत गावोगाव पोचली.

आठवीत वैशाली नावाची मुलगी त्याच जूनमध्ये आली होती. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तोवरची तिची सगळी शाळा छावणीत झालेली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "हाजिर, साब!"

वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा तिला 'साब' म्हणू लागली. तेव्हापासून शाळेत तिनं तोंड उघडलं नव्हतं. आई सांगायची, घरी नुसता रेडिओ!

मॅडमनी सुभेदारांना बोलावलं. ते कडक इस्त्रीच्या शर्टात आले आणि बसायला सांगितलं तरी उभेच राहिले.

"कॅन्सलिंगला बोलावलंय न्हवं? कुठं सही करू?"

नाव कापायचं नाही, हे समजावण्यात मॅडमचा अर्धा तास गेला. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं मॅडम, तुमी नका कॅन्सल करू. पर सहामाहीच्या तोंडी परीक्षेला ही बोलली न्हाई, तर मीच दाखला काढून नेतो. मुकं बसायचंच आसंल तर घरात बसू दे."

वैशाली दाराशी उभी होती.

*

गुरुवार हा दत्ताचा वार. एक आजी नखं खाणाऱ्या नातवाला घेऊन आल्या. त्यांनी मॅडमच्या टेबलावर नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि हात जोडून विचारलं, "कवापासनं येतंय अंगात?"

"आजी, माझ्या अंगात येत नाही. मी फक्त ऐकते."

आजींनी जरा विचार केला. "निस्तं ऐकाय सांगलीवरनं येतीस? मंग आदी माजं ऐक."

सुनेबद्दल त्या दीड तास बोलल्या. नातवानं बाहेर बसून तोवर दोन्ही हातांची नखं संपवली.

पुढच्या गुरुवारी आजी एकट्याच आल्या.

*

पाचवीतल्या संभाजीचं पोट गणिताच्या तासालाच दुखायचं. मॅडमनी त्याला घरातल्या सगळ्यांचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं पानभर म्हैस काढली. तिच्या बाजूला आई आणि बहीण, आणि अगदी कोपऱ्यात तांदळाएवढा बाप.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "म्हैस एवढी मोठी का रे?"

"मोठीच हाय ती."

"आणि बाबा एवढे लहान?"

"लांब हाईत. काश्मीरला."

मॅडमनी ते चित्र जपून ठेवलं. पोटाचं कारण पुढं वेगळंच निघालं. गणिताचा तास बरोबर जेवणानंतर होता आणि संभाजी डबा पळत पळत खायचा!

*

मॅडम प्रत्येक मुलाला आधी सांगत, "इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही."

खोली आणि लॅब यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. एकदा नववीतली एक मुलगी रडत रडत हळू आवाजात काहीतरी सांगत होती. पलीकडं प्रॅक्टिकल चालू होतं, तरी चिडीचूप.

मग भिंतीतून आवाज आला, "ये, जरा मोठ्यानं बोल की गं!"

मॅडमनी माझ्याकडून त्या भिंतीला शाळेतल्या सगळ्या जुन्या सतरंज्या ठोकून घेतल्या.

*

वैशालीबद्दल मॅडमनी मला एवढंच सांगितलं, "तिला काही विचारू नका. पाऊस मोजताना सोबत घ्या."

"विचारायचं नाही, तर करायचं काय?"

"पाऊस मोजा."

पाऊस नव्हता. रोज सकाळी ती बाटली उघडायची, आत बघायची आणि माझ्यासमोर धरायची. मी म्हणायचो, "शून्य." ती फळ्यावर शून्य काढायची. दीड महिन्यात तिचं शून्य फार सुबक झालं. पोरं आता तिला 'शून्य साब' म्हणू लागली.

मॅडमनी विचारलं, "तात्या, प्रगती?"

मी वही पाहून सांगितलं, "शून्य."

*

१५ ऑक्टोबर, गुरुवार. पहाटेपर्यंत पाऊस, मग उघडीप. तोंडी परीक्षेचा दिवस.

शाळा भरण्याआधीच सुभेदार दाखल्याचा अर्ज लिहून घेऊन आले. हेडसरांना म्हणाले, "परीक्षा हुईस्तोवर हितंच थांबतो. न्हाईच बोलली तर हितनंच घिऊन जातो." हेडसर त्यांना व्हरांड्यात बसा म्हणाले. ते उभेच राहिले.

वैशालीनं बाटली आणली. त्या दिवशी बाटलीत पाणी होतं. मी ते मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणालो, "सव्वीस."

तिनं खडू उचलला, पण लिहिलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी परत म्हणालो, "लिही, सव्वीस."

"छत्तीस."

सुभेदारांनी आधी हेडसरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कोन बोललं?"

"छत्तीस हाय, साब," वैशाली मला म्हणाली. "नीट बघा की!"

व्हरांड्यात दहा-बारा पोरं होती. कुणी हसलं नाही. सुभेदारांनी मोजपात्र माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"छत्तीसच हाय," ते म्हणाले. मग खिशातला अर्ज काढून हेडसरांपुढं धरला. "ह्यो कॅन्सल करायचा झाला, तर कुठं सही करू?"

मॅडमची एसटी लेट होती. त्या आल्या तेव्हा मुलं परीक्षेला बसली होती. सगळं ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तात्या, मुद्दाम चुकलात ना?"

"नाही. चष्मा घरी राहिला होता."

त्यांचा विश्वास बसला नाही. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: पाऊस छत्तीस मिलिमीटर (सव्वीस खोडून). चष्मा घरी. वैशाली, तोंडी परीक्षा, वीसपैकी अकरा.