दीडचा वाटा

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले आणि पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेऊन थेट इंग्रजीत जाऊन पडले. घर निपाणीत, कॉलेज चिकोडीला. रसायनशास्त्राच्या चाचणीदिवशी सकाळी मी आणि माझ्या मैत्रिणीनं कंडक्टरला आधार कार्ड दाखवून कर्नाटकात बायकांना मिळतं ते फुकटचं तिकीट घेतलं आणि बसमध्येच उजळणी सुरू केली.

गणित लोखंडाच्या ऑक्साइडचं होतं. शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅम लोखंड, तीस ग्रॅम ऑक्सिजन. दोघांना आपापल्या अणुभारानं भागून मोल काढले, मग त्यातल्या लहान आकड्यानं दोन्हींना भागलं. लोखंड आलं एक, ऑक्सिजन दीड.

"दीडचं दोन कर की," मैत्रीण म्हणाली.

"असं कसं? वाट्याला दीड आल्यात, दोन कसं देतीस?"

"मग एकच दे."

"आन् अर्धा कुठं गेला गं?"

पुढच्या सीटवरचे पटकेवाले आप्पा गर्रकन मागं वळले. "दीड वाटा कुणाला देताय? थोरल्याला?"

"न्हाय आप्पा, ऑक्सिजनला."

"कोण का असंना! माझ्या थोरल्या भावानं बी ह्येच केलं. वडलांच्या रानात मला एक आन् त्येला दीड!"

"एकाच बापाची लेकरं न्हवं का?" शेजारची मावशी कळवळली. मागच्या एकानं कन्नडमध्ये काय झालं म्हणून विचारलं. कंडक्टर म्हणाला, "आस्ती जगळ." म्हणजे इस्टेटीचं भांडण. झालं, अर्धी बस थोरल्याच्या बाजूनं, अर्धी आप्पांच्या.

मी घाईनं समजावलं, "आप्पा, दोघांचं बी दुप्पट करायचं. एकाचं दोन, दीडचं तीन. मग अर्धं कुणाचंच ऱ्हात न्हाय."

आप्पांनी जरा विचार केला. "व्हय, पर दुप्पट रान आणायचं कुठनं?"

तेवढ्यात सुदैवानं चिकोडी आलं.

चाचणीत लोखंडच होतं, पण दुसरं ऑक्साइड. या खेपेला लोखंड एक आणि ऑक्सिजन एक पूर्णांक तेहतीस शतांश. मी आधी दुप्पट करून बघितलं, तुकडा राहिला. तिप्पट केल्यावर तीनास चार असं नीट बसलं.

तपासलेले पेपर वाटताना सरांनी मैत्रिणीला उभं केलं. तिनं दुप्पट करून दोन आणि दोन पूर्णांक सहासष्ट शतांश काढलं होतं आणि खाली दोनास तीन लिहून टाकलं होतं.

"हे तीन आलं कुठून?"

ती अगदी मनापासून म्हणाली, "सर, लई थोडं कमी पडत होतं. मी भरून दिलं."