विरजण न देणाऱ्या बाई

मानवजातीच्या भवितव्याची काळजी वाहणारी माणसं कुठल्याही काळात विरळाच. अशा एका व्यक्तीच्या शेजारी बसून मी बरीच वर्षं डबा खाल्ला, आणि तेवढ्या काळात तिने मला चमचाभर विरजण दिलं नाही.

दही मागाल तेवढं मिळे. बाई विश्रांतवाडीहून स्कूटरवर येत आणि येताना स्टीलच्या डब्यात सुरीने कापावं असं घट्ट दही आणत. जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांना वाढत. पण कुणी वाटीच्या तळाशी थोडं राखून ठेवताना दिसलं की त्यांचा चमचा त्या वाटीवर आडवा येई. "खा. घरी न्यायचं नाही." का, असं विचारलं तर म्हणत, "दही पोटात जातं. विरजण घरोघर जातं. माझ्या घरातून कोण कुठे जातंय, हे मला माहीत असायला हवं." मुलीच्या लग्नाचं बघणारी माणसंसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत, असं मी एकदा म्हणालो. बाई म्हणाल्या, "म्हणून तर पस्तावतात."

खडकीच्या बाजूला आमची छोटी कंपनी होती. जनावरांच्या खाद्यात मिसळायच्या पावडरी तिथे तयार होत. बाई तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या होकाराशिवाय एकही पोतं फाटकाबाहेर जात नसे, आणि होकार देण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांच्या माघारी त्यांना 'नकारघंटा' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. "घंटा आहे म्हणून फाटक तरी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. माझं काम माहितीपत्रकं लिहिण्याचं होतं. कोंबड्यांना वाचता येत नाही, ही माझ्या गद्याच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होती.

आमच्या मालकांना आम्ही साहेब म्हणत असू. साहेबांना समारंभ आवडत. कपाटात शाली आणि नारळ कायम तयार असत, फक्त निमित्ताची कमतरता पडे. पावडरीत घालायचे जंतू वाढवायची नवी टाकी आली तेव्हा साहेबांनी गुरुजी बोलावले आणि टाकीचं झाकण उघडून आत हळदकुंकू वाहण्याची कल्पना मांडली. बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती होती आणि पूजाअर्चेशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचा मुद्दा वेगळाच होता. "गुरुजी, हात धुतलेत?" गुरुजी म्हणाले, "अहो बाई, सोवळ्यात आहे मी." बाई म्हणाल्या, "ते देवाला सांगा. इथे साबण आहे." शेवटी नारळ अंगणात फुटला, आणि तरीही बाईंनी टाकीला पुन्हा एकदा वाफ दिली. साहेबांनी वाट पाहिली. गुरुजींनीही पाहिली, त्यांची दक्षिणा राहिली होती.

मग 'कुक्कुटानंद' आलं. हे नाव माझं. ही कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची पावडर होती आणि तिच्यात चांगले जंतू होते. दह्यात असतात तसलेच, कोंबडीचं पोट नीट ठेवणारे. चाचणीतल्या कोंबड्या अगदी टुमटुमीत झाल्या. समारंभाची तारीख ठरली, हॉल ठरला, पाहुणे ठरले. फक्त बाईंचा होकार ठरला नव्हता.

बाईंची तपासणीची पद्धत साधी होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यांच्यावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. आमच्या जंतूंच्या बशीत एका चकतीभोवती वर्तुळच नव्हतं. ते चकतीला अगदी टेकून वाढले होते. गणपतीच्या दिवसांत मंडईतले फूलवाले रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात, तसे. ती चकती टेट्रासायक्लिनची होती. याच जातीचं औषध कोंबड्यांनाही देतात आणि माणसांनाही.

बाई बशी घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. मी आणि विक्रीचे जगताप आधीपासून तिथे होतो. जगतापांचं गाव लोहगावच्या पलीकडचं, शहराने कधीच गिळलेलं. भाषा मात्र शहराला पचली नव्हती.

साहेबांनी बशी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे शेतकऱ्याने कोंबड्यांना औषध दिलं तरी आपले जंतू टिकून राहतात! बाई, हा तर गुण आहे!" माझ्याकडे वळून म्हणाले, "हे ठळक टाका." मी टाकलं. 'प्रतिजैविकांनाही न जुमानणारे!' असं पुढे लाल अक्षरांत छापलं गेलं. बाईंनी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "तुमच्या पत्रकात हे एकच वाक्य खरं आहे, आणि नेमकं तेच छापायला नको होतं."

"पण जंतू चांगले आहेत ना?" त्या दिवशी खोलीत साहेबांनी विचारलं.

"चांगलेच आहेत. मुलगा हुशार आहे, स्वभावाने गरीब आहे. फक्त नोट्स सगळ्यांना देतो."

आम्हाला समजलं नाही. बाईंनी खुर्ची ओढली. "औषधातून सुटायचं कसं, ते याला येतं. ते ज्ञान त्याच्या अंगात पक्कं मुरलेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण याच्याकडे ते सुट्या कागदासारखं आहे, शेजारच्याला काढून देता येतं. कोंबडीच्या पोटात वर्गातली सगळी उनाड पोरं बसलेली असतात. हा त्यांना नोट्स देणार. ती पोरं कोंबडीबरोबर आपल्या स्वयंपाकघरात येणार. उद्या आपण आजारी पडलो की डॉक्टर औषध देतील, आणि पोरं म्हणतील, हा पेपर आम्ही आधीच बघितलाय."

जगतापांनी मान हलवली. "समदं खरं बाई. पण कोंबडी मरतीय का?"

"नाही."

"मंग झालं की! चांगली गुबगुबीत हाय."

साहेबांनी फार आदराने हात जोडले. त्यांनी हात जोडले की आम्हाला भीती वाटे. "बाई, आपला मान आहेच. पण समारंभ होणार. दुसऱ्या दिवशी आपण सही करावी. आपल्याला जमत नसेल तर मला दुसरे प्रमुख शोधावे लागतील." बाईंच्या निवृत्तीला थोडाच अवकाश होता आणि घराचे हप्ते अजून संपले नव्हते. त्या बशी घेऊन उठल्या. "शोधा," म्हणाल्या, "पण त्यांना आधी ही बशी दाखवा."

समारंभ दणक्यात झाला. तुतारी होती, समई होती, आणि ती पेटवायला सहा जणांत एक मेणबत्ती होती. कोंबडीच्या आतड्यावर एवढं उदात्त भाषण त्याआधी कुणी केलं नसावं. ते मीच लिहिलं होतं, त्यामुळे खात्रीने सांगतो. मग जेवणं सुरू झाली. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी आणि मठ्ठा. बाई ताट घेऊन एका कडेला उभ्या होत्या. तेवढ्यात जगताप आनंदाने त्यांच्याजवळ आले.

"बाई, मठ्ठा घेतला का? आपलाच हाय! साहेबांची आयडिया. आपल्या पावडरीनं दही लावलं केटररनं. झ्याक लागलं!"

बाईंनी ताट खाली ठेवलं. कोंबड्यांच्या पावडरीने पाहुण्यांसाठी दही लावावं, ही कल्पना जगाच्या पाठीवर फक्त आमच्याच कंपनीला सुचू शकत होती. बाई रांग ओलांडून थेट प्रमुख पाहुण्यांपाशी गेल्या. हे एक निवृत्त अधिकारी होते आणि मठ्ठ्याचा ग्लास त्यांनी ओठांपर्यंत नेला होता.

"सर, आपण शेवटचे आजारी पडलात तेव्हा कुठलं औषध लागू पडलं?"

पाहुणे गोंधळले, पण आजाराबद्दल विचारलेलं कुणाला आवडत नाही? "माझा छातीचा त्रास जुना आहे. डॉक्टर नेहमी डॉक्सीसायक्लिन देतात. मला दुसरं काही लागूच पडत नाही."

"ते टेट्रासायक्लिनचंच भावंड. मग ग्लास खाली ठेवा."

"का? विषारी आहे?"

"छे. एका ग्लासाने कुणाला काही होत नाही. तीच तर अडचण आहे. झालं असतं तर मला बोलावं लागलं नसतं."

पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या मागच्याने त्यांच्याकडे बघून ठेवला. त्याच्या मागच्याने काही न विचारताच ठेवला. बाईंनी एकालाच सांगितलं होतं. जिलबी संपेपर्यंत पूर्ण हॉलला माहीत होतं. मठ्ठ्याचं पिंप जवळजवळ भरलेलंच राहिलं.

साहेब धावत आले. त्यांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी आयुष्यातली एकमेव शूर गोष्ट केली. सगळ्यांच्या देखत त्यांनी मठ्ठ्याचे दोन ग्लास घटाघटा प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "झालं काही मला?"

"आज नाही होणार, साहेब," बाई म्हणाल्या. "उद्याही नाही. फक्त आत नोट्स वाटायला सुरुवात झाली असेल."

साहेबांनी तिसरा ग्लास हातात घेतला होता. तो त्यांनी केटररकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या प्रयोगशाळेत डबा उघडून बसलो होतो. आज त्यांना काढणार, याची मला खात्री होती. बाईंनाही असावी, कारण त्यांनी टेबल आवरलं होतं. साहेब आत आले. मी दिसलो तसे ते परत निघाले, मग थांबले, आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

"एक नमुना आहे. तपासून घ्या. कोंबडीचा आहे."

बाईंनी बाटली उचलून पाहिली. "कोंबडी शाकाहारी आहे का?"

"हो," साहेब म्हणाले.

"मठ्ठा प्यायलीय?"

साहेबांनी मिशा पुसल्या. बाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर 'कोंबडी, एक' असं लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी दहीभाताकडे बघत राहिलो.

चार दिवसांनी निकाल आला. औषधाला दाद न देणारे जंतू कोंबडीत सापडले होते. साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "आपले?"

"ते नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "आपले असतील, त्यांनी शिकवलेले असतील, किंवा आधीपासूनचेही असतील. ही औषधं आणि असले जंतू सगळीकडेच फिरतायत. कुणी कुणाला शिकवलं, हे नंतर विचारता येत नाही. म्हणून आधी विचारायचं असतं."

त्याच संध्याकाळी 'कुक्कुटानंद' तांत्रिक कारणास्तव मागे घेतल्याची सूचना फळ्यावर लागली. नवे प्रमुख शोधण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सगळी पोती बाईंनी स्वतः उभं राहून जाळून घेतली. पुढे त्यांनी खेड्यापाड्यांतल्या कोंबड्यांकडून दुसरे जंतू मिळवले, अगदी साधे आणि कुणालाही काही न शिकवणारे. त्यांची पावडर निघाली. तिचा खप बेताचाच होता. जगताप म्हणत, "माल चांगला हाय, पण सांगण्यासारखं काय बी न्हाई." मलाही तिच्यावर चार ओळींच्या वर लिहिता आलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी अर्थातच समारंभ केला. शाल, नारळ आणि भाषण. भाषणात साहेबांचा आवाज खरोखरच दाटला, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं. निघताना बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि स्टीलची एक लहानशी डबी पुढे ठेवली. आत विरजण होतं.

"तपासलंय," म्हणाल्या. "सगळ्या चकत्यांभोवती वर्तुळं आहेत. कुणाला काही शिकवणार नाहीत. जपा."

एवढा मान मला नोकरीत दुसरा मिळाला नाही. डबी दोन्ही हातांत धरून मी बसने घरी आलो. बसायला जागा मिळाली तरी ती मांडीवर ठेवली नाही. दूध तापवलं आणि विरजण लावलं. सकाळी पातेल्यात दूधच होतं. माझ्याकडून उतावीळपणा झाला होता; दूध कोमट व्हायची वाट मी पाहिलीच नव्हती.

बाई आता नागपूरला लेकीकडे असतात. मी फोन करून गुन्हा कबूल केला. दूध किती गरम होतं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळे मेले ना? चांगलं आहे. निदान मरत तरी होते."

दुसरं विरजण पाठवण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. डबी मात्र परत पाठवा, असं दोनदा म्हणाल्या.