ब्लीचच्या बादलीत ड्रिपचं ॲसिड

मंडळी, दवाखान्यातनं लिहितोय.

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी एकाकडनं वापरलेले दगड आणले होते. सकाळी आमच्या गावी, अंथुर्ण्यात, घरामागं ते ब्लीचच्या पाण्यात भिजत घातले आन् चहाला आत गेलो.

आबांना, म्हणजे वडलांना, वाटलं दगडावर क्षार चढलाय. शेतातल्या ड्रिपच्या नळ्या धुवायचं ॲसिड त्यांनी सरळ बादलीत ओतलं!

पिवळट वाफ उठली. आबा खोकत खाली बसले, श्वासच घेता येईना. नाकाला उपरणं लावून त्यांना वढत लांब आणलं, गाडीत घातलं, बारामतीचा दवाखाना गाठला.

आता ऑक्सिजनवर हायत. मगाशी मास्क सरकवून विचारलं, "दगड निघालं का रं पांढरं?"

मी व्हय म्हणालो. अजून बघितलं न्हाय.

तुमच्याकडं ब्लीच आन् ॲसिड एकाच फळीवर हाय का? आमच्याकडं होतं.