पाच पिल्लांचा खुराक

मी तालमीतला माणूस. खायला घालणं म्हणजे माया आणि ताटात उरवणं म्हणजे अपमान, एवढंच मला वडिलांनी शिकवलं. दूध, तूप, थंडाई घालून त्यांनी मला वाढवलं. थोड्याफार कुस्त्या मारल्या, मग गुडघा गेला आणि कसबा बावड्यात म्हशी सांभाळत बसलो. गुडघा गेला पण भूक काही गेली नाही, असं आमची बायको आल्यागेल्याला सांगते. सांगू दे की. खोटं थोडंच हाय.

गणपती तोंडावर आले होते. ओढ्याकडच्या रानात वैरण कापायला गेलो, तर कुत्र्यांनी एक रानबदक फाडलेलं. दगड घालून कुत्री हाकलली, ठेवणीतल्या शिव्या दिल्या, पण बदक संपलं होतं. शेजारच्या गवतात पाच पिल्लं ओरडत होती, काळीपिवळी, लिंबाएवढी. तासभर थांबलो. दुसरं बदक काही आलं नाही. मग वैरणीच्या बुट्टीत गवत अंथरलं आणि त्यांना घरी आणलं.

बायकोनं कपाळावर हात मारला. घरात माणसं दोन आणि कामं वीस, त्यात हे कशाला, असं तिचं सुरू झालं. तेवढ्यात म्हशी तपासायला डॉक्टरीणबाई आल्या आणि बघताच म्हणाल्या, हे हळदी-कुंकू बदक. मोठेपणी चोचीचं टोक पिवळं होतं, मुळाशी लाल ठिपके येतात, म्हणून हे नाव. नाव ऐकलं आणि बायको विरघळली. हळदी-कुंकवाची पोरकी लेकरं दारात आल्यावर ती तरी काय बोलणार? बाईंनी वनखात्याला फोन लावला. पाळायची नाहीत, उडायला लागली की ओढ्यावर सोडायची, तोवर बाईंच्या देखरेखीखाली सांभाळा, असं तिकडून सांगितलं. खायला शेवाळ, चिरलेला पाला, गांडुळं, भिजवलेला कोंडा. आणि सगळं थोडं थोडं.

थोडं थोडं खायला आमच्या घरात फक्त आजारी माणसाला देतात.

पहिल्याच सकाळी मी म्हशीच्या धारेचं कोमट दूध ताटलीत ओतून ठेवलं. पिल्लांनी त्यात अंघोळ केली, थोडं प्याली आणि दुपारपर्यंत पाचही जणांना हगवण लागली. पाखराला दूध पचत नाही, हे बाईंनी मला बारक्या पोराला सांगावं तसं सांगितलं. बरं, दूध बंद. पण बदामाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. मग मी रात्री भिजवलेले बदाम सकाळी वाटून, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि उकडलेलं अंडं कुस्करून गोळ्या वळायला लागलो. बायको बघत होती.

"अवो, अंड्यातनं आलेल्यांस्नी अंडं चारताय. काय तरी वाटू दे की."

मला काही वाटलं नाही. पिल्लं बघता बघता भरली. मला ती आई समजत होती की वस्ताद, कुणास ठाऊक, पण मी उठलो की ती उठायची. मी डेअरीला निघालो की मागनं पाच जणांची रांग. रस्त्यावरची माणसं गाडी थांबवून विचारायची, पैलवान, नवे पठ्ठे का? मी मिशीला पीळ देऊन पुढं. त्यातलं धाकटं सारखं मागं पडायचं. त्याच्यासाठी खिशात वेगळी गोळी असायची. चौघांची नजर चुकवून मी त्याला दुप्पट चारायचो. माझा जीव त्याच्यावर जास्त होता, खरं ते सांगतो.

महिन्यानं बाई आल्या. एकेकाचे पंख ओढून बघितले. चौघं ठीक होती. धाकट्याचा डावा पंख मात्र टोकाला बाहेर वळला होता. वजन झपाट्यानं वाढलं, कोवळ्या हाडाला पिसांचा भार पेलला नाही, असं त्यांनी समजावलं. अजून वाढ चालू आहे तोवर सरळ झाला तर झाला. नाहीतर ते जन्मात उडायचं नाही. आणि उडता न येणारं बदक ओढ्यावर सोडलं, तर कुत्री आहेतच.

"पैलवान, याला आखाड्यात उतरायचं नाही, उडायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मायेनं हे झालंय. माया कमी करा."

मी भडकलो. कुणाला माया शिकवताय, म्हणून बाईंवरच ओरडलो. त्यांनी पंख दुमडून मऊ पट्टी बांधली आणि निघून गेल्या. मग गोठ्यात जाऊन बसलो आणि रडलो. म्हशी बघत होत्या, बघू देत.

दुसऱ्या दिवसापासून पाला, शेवाळ आणि ओढ्यापर्यंत चालणं, बास. बदामाच्या डब्याला बायकोनं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तरी एकदा मी शेजाऱ्यांकडनं मूठभर बदाम मागून आणले. ते सदऱ्याच्या खिशात सापडले. तिनं माझ्यासमोर बसून एक एक करत सगळे स्वतः खाल्ले. धाकटं माझ्या पायाच्या अंगठ्याला टोचत बसायचं, आणि मी आढ्याकडं बघत बसायचो. एवढी अवघड कुस्ती मी उभ्या जन्मात खेळलो नव्हतो.

बाई मधनं मधनं येऊन पट्टी सोडायच्या, परत बांधायच्या. मी दारात उभं राहून माफी मागितली, तेव्हा त्या हसल्या. शेवटी पट्टी कायमची सुटली. पंख सरळ दिसत होता, पण उडेल का, ते त्यांनाही सांगता येईना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चौघं ओढ्यावरून उडून पलीकडच्या तळ्यावर गेली. धाकटं माझ्या पायाशीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या सकाळी मी धोतर खोचलं आणि बांधावरनं पळत सुटलो, गुडघ्यासकट. मी पळालो की ते पळणार, एवढं मला माहीत होतं. मागनं फडफड ऐकू येत होती. दम लागून थांबलो, तर ते माझ्या डोक्यावरनं, हात उंचावला तर लागेल इतक्या जवळनं गेलं. थोडं डावीकडं कलत होतं. तसंच कलत कलत ऊस ओलांडून तळ्याकडं गेलं.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं होतं, भाकरी, झुणका, वाटीभर दही. तिनं नुसतं वर बघितलं. मी म्हटलं, "गेलं."

अर्धी भाकरी खाऊन उठलो. आमच्या घरात असा उठलेला माणूस हात धरून परत बसवतात आणि ताटात आणखी एक चतकोर टाकतात. बायकोनं उरलेल्या भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ताट उचललं.